आन्सेल्म रुबो यांची ठणठणीत प्रकृती

अध्यक्षस्थान भूषवणाऱ्या आपल्या शहराच्या उपमहापौर माननीय मादाम ब्रोसोला. या थिएटरचा गाडा जवळजवळ चाळीस वर्षं ओढून आता घरी गुलाब वाढवणारे आपले माजी संचालक मस्यू तुर्नेर. रंगभूमी आणि चित्रपट या दोन्ही ठिकाणी ज्यांनी स्वतःचं नाव गाजवलं आणि शेजारी उभ्या असलेल्याचं चुकूनही गाजू दिलं नाही, असे आजचे सत्कारमूर्ती आन्सेल्म रुबो. समोर बसलेले ल्यों शहराचे दर्दी रसिक, आणि भाषणं आटोपल्यावर पलीकडच्या दालनात मिळणाऱ्या सॉसेज आणि बोजोले वाइनसाठी आलेले, म्हणजे अधिक प्रामाणिक असे रसिकहो,

मघाशी निवेदनात माझी ओळख 'रुबो यांचे जुने सहकारी' अशी करून देण्यात आली. फार सभ्य शब्द आहे. मी फिर्मँ गायार्दे. बदली नट. मुख्य नट आजारी पडला, तर त्याच्या जागी उभं राहायचं, एवढंच माझं काम. १९४९ च्या ऑक्टोबरपासून मी रुबो यांचा बदली नट आहे. आज १९८८ चा जून चालू आहे. मधली आठ वर्षं ते पॅरिसला चित्रपटांत होते, ती सोडून द्या. उरलेल्या एकतीस वर्षांत ते किती वेळा आजारी पडले असतील, आपला काय अंदाज आहे? नका करू अंदाज. माझ्याविषयी उगाच वाईट वाटेल.

आणखी एक खुलासा. माझ्याआधी तीन वक्ते बोलले. तिघंही सुंदर बोलले, आणि रुबो प्रत्येक वाक्याला प्रसन्न हसून मान हलवत होते, हे आपण पाहिलंत. त्यांच्या हातात जे कागद आहेत, ते आभाराचं भाषण नव्हे. ते माझं हे भाषण आहे. काल दुपारी मी ते बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहून त्यांना दिलं. त्यांनी त्यातली दोन वाक्यं खोडली. दोन्ही त्यांच्या स्तुतीची होती. म्हणाले, "ही तुझ्या तोंडी खरी वाटत नाहीत." तेव्हा यापुढे जे ऐकाल, ते सत्कारमूर्तींनी स्वतः वाचून मंजूर केलेलं आहे, याची मस्यू तुर्नेर यांनी विशेष नोंद घ्यावी. त्यांना आज एक-दोन गोष्टी नव्याने कळणार आहेत.

आणि आता मी अहो-जाहो सोडतो. त्याला ते शोभत नाही आणि मला ते झेपत नाही.

आन्सेल्मचा जन्म शाझेलचा. टोप्यांच्या कारखान्यांचं गाव. वडील आयुष्यभर लोकांसाठी टोप्या बनवत राहिले. मुलाने त्या लोकांना घालण्याचा व्यवसाय पत्करला. सव्विसाव्या वर्षी तो आपल्या या थिएटरात निवड चाचणीसाठी आला. त्याच सकाळी, त्याच भूमिकेसाठी, मीही आलो होतो. भूमिका युद्धकैद्यांच्या छावणीतून परतलेल्या एका तरुण सैनिकाची होती. दोघांनी तोच उतारा वाचला. मी जास्त चांगला वाचला. हे माझं मत नाही, खुद्द आन्सेल्मचं आहे. १९५१ साली बोजोलेच्या दुसऱ्या ग्लासानंतर त्याने ते बोलून दाखवलं, आणि तिसऱ्या ग्लासानंतर मागे घेतलं. पण सैनिकाचा कोट आधीच शिवून तयार होता, आणि तो त्याच्या अंगाला बसला. माझ्या बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. मस्यू तुर्नेर, तुम्ही त्या वेळी म्हणालात, "गायार्दे, तुम्ही असू द्या. न जाणो, कधी गरज पडली तर." रंगभूमीचा इतिहास लोक समजतात तसा लेखक लिहीत नाहीत. शिंपी लिहितात.

तर मी गरज पडण्याची वाट पाहू लागलो.

रोज संध्याकाळी अर्धा रंग लावून विंगेत उभं राहायचं. काठीचे तीन ठोके पडले, पडदा वर गेला, आन्सेल्म खणखणीत आवाजात बोलू लागला, की रंग पुसायचा. त्याचा पाय मुरगळला, तर लेखकाने त्या पात्राला लंगडं केलं, आणि वाहवा झाली. एकदा आमचा दौरा समुद्रकाठी गेला होता. तिथे शिळ्या शिंपल्यांनी सगळी मंडळी आडवी झाली. मी ते खाल्ले नव्हते, कारण कुणीतरी उभं असायला हवं ना. आन्सेल्मने दोनदा मागून घेऊन खाल्ले होते. संध्याकाळी तो ताजातवाना होऊन आला आणि मला म्हणाला, "अरे, तू असा पडलेला का दिसतोस?" आमच्या धंद्यात रंगमंचावर दोरी हा शब्द उच्चारला की अपशकुन होतो म्हणतात. एका हिवाळ्यात तो शब्द मी रोज त्याच्या पाठीमागे पुटपुटलो. एक झुंबर निखळलं, नायिकेचं ठरलेलं लग्न मोडलं, आणि आन्सेल्मला साधी शिंकसुद्धा आली नाही.

एकसष्ट साली पॅरिसहून एक चित्रपट दिग्दर्शक आले. नाटक पाहिलं आणि आन्सेल्मला घेऊन गेले. मस्यू तुर्नेर यांनी मला बोलावून सांगितलं की दुसरा कुणी मिळेपर्यंत त्याच्या भूमिका मी कराव्यात. दुसरा कुणी नऊ दिवसांत मिळाला. त्या नऊ दिवसांत एकही प्रयोग झाला नाही, कारण थिएटर गरम ठेवणारी पाण्याची टाकी फुटली होती. दिजोंहून आलेला तो नवा नटही अंगापिंडाने मजबूत होता. मी त्याचाही बदली नट झालो.

आन्सेल्मच्या चित्रपटांविषयी आधीचे वक्ते भरभरून बोलले, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. आठ वर्षांत सव्वीस चित्रपट. सात वेळा तो पोलीस कमिशनर होता, आणि चौदा वेळा मेला. कधी गोळी लागून, कधी कड्यावरून पडून, एकदा सूपमधल्या विषाने. मी आणि माझी बायको लेओनी क्रुआ-रूसच्या टेकडीवरच्या सिनेमागृहात त्याचा प्रत्येक चित्रपट बघायला जायचो. तो मेला की लेओनी रुमाल काढायची. मी काय काढत असेन ते सांगत नाही, पण माझ्या आयुष्यातल्या काही फार प्रसन्न दुपारी तिथे गेल्या.

त्यांतला एक मृत्यू मात्र मी तेव्हा नीट पाहिला नाही. त्रेसष्ट सालच्या एका युद्धपटात तो तोफखान्याचा कप्तान होता. तोफ उडवायची माणसं वेगळी, इशारा देणारा वेगळा, आणि दोघांचं आदल्या दिवशी भांडण झालेलं. आन्सेल्म तिच्या तोंडाशी उभा असतानाच तोफ उडाली. पडद्यावर तो फार हुबेहूब कोसळतो. हुबेहूब असणारच. त्याचा उजवा कान तिथे गेला, आणि डावा त्याच्या मागून हळूहळू निघाला.

सभागृहात चुळबुळ झाली. होऊ द्या. त्याचं पान उलटून झालेलं दिसतंय, तो ठीक आहे.

चित्रपटात कॅमेरा जवळ आला, की समोरचा नट बहुतेक वेळा समोर नसतोच. त्याची वाक्यं कॅमेऱ्यामागच्या अंधारातून कुणीतरी वाचतं. आन्सेल्मला ती पोहोचेनात. एका प्रसंगाला तो सलग अकरा वेळा चुकला. निर्माते म्हणाले, रुबो पिऊन आलाय. बातमी पसरली. आन्सेल्मने ती पसरू दिली. पुढे मी त्याला विचारलं, की बाबा, तू निदान एकदा नाही म्हणायचंस. तो म्हणाला, "दारुड्याला काम मिळतं रे. बहिऱ्याला मिळत नाही."

तर एकोणसत्तर साली तो ल्योंला परत आला. आपल्या वर्तमानपत्रांनी काय लिहिलं होतं, आठवतं? पॅरिसच्या झगमगाटावर लाथ मारून रुबो मातीच्या ओढीने परतले. आपण सगळे स्टेशनवर गेलो होतो. बँड होता. बँड वाजवणाऱ्यांकडे तो एवढ्या प्रेमाने बघत होता, की आम्हा सगळ्यांना भरून आलं. कुणी कधी वाजवायचं थांबतं, ते तो बघत होता, म्हणजे हात हलवायला बरं.

नाटकात त्याचं निभत होतं. सगळ्यांची वाक्यं त्याला पाठ असायची, ठोके पायाखालच्या फळ्यांतून कळायचे, आणि समोरच्याचे ओठ वाचता यायचे. म्हणून तो समोरच्याकडे टक लावून बघायचा. डोळ्याचं पातं लवू द्यायचा नाही. आणि इथे आपले टीकाकार धावून आले. पाहिलंत, हा माणूस कसा ऐकतो! आमच्या रंगभूमीवर सगळ्यांना बोलता येतं, ऐकता फक्त रुबोला येतं. पुढे एका नाट्यशाळेत 'ऐकण्याची कला' या विषयावर त्याला व्याख्यान द्यायला लावलं. त्याने दिलं. विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारले. त्याने त्यांच्याकडे एवढं खोल पाहिलं, की ते गप्प बसले. ते व्याख्यान छापील रूपात अजून मिळतं.

मला हे कसं कळलं, ते सांगतो. सत्तर सालचा फेब्रुवारी, शनिवारचा दुपारचा प्रयोग. नाटकात आन्सेल्म एका विधुर बापाच्या भूमिकेत, आणि त्याची मुलगी त्याला सांगते की मी घर सोडून चाललेय. मस्यू तुर्नेर यांना त्या सकाळी सुचलं, की मुलीने हे सगळं खिडकीकडे तोंड करून, बापाकडे पाठ फिरवून म्हणावं. जास्त दुःखद होईल. आन्सेल्मने विरोध केला, पण का, ते त्याला सांगता येईना. मस्यू तुर्नेर, तुम्हाला वाटलं, आखडूपणा करतोय. तेही चुकीचं नव्हतं, पण त्या दिवशीचं कारण वेगळं होतं.

दुपारी मुलगी खिडकीशी गेली, तिने पाठ फिरवली, वाक्य म्हटलं. बाप गप्प. मी नेहमीप्रमाणे विंगेत. एवढ्या वर्षांत मला एक वाईट खोड लागलेली: प्रयोग चालू असताना सगळ्यांची वाक्यं मी ओठातल्या ओठात म्हणत असतो. आन्सेल्मची नजर मुलीच्या पाठीवरून निघाली, भिंतीवरून फिरली, आणि विंगेत माझ्यावर येऊन थांबली. त्या नजरेत काय होतं ते मी सांगू शकत नाही. मी त्याला एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहायची फार इच्छा होती असंही मला आठवतं. मी मुलीचं वाक्य पुन्हा म्हटलं. आवाज न काढता, सावकाश. तो उत्तरला. तिचं पुढचं वाक्य, मी ओठ हलवले, तो उत्तरला. असे सहा संवाद झाले. सोमवारच्या अंकात छापून आलं, की मुलगी निघून जात असताना बाप तिच्याकडे न पाहता अंधाराकडे पाहत राहतो, हा त्या मोसमातला सर्वांत थोर क्षण होता. विंगेत तो अंधार रंग पुसून उभा होता, याचा उल्लेख राहून गेला.

प्रयोग संपल्यावर मी त्याच्या रंगपटात गेलो. तो आरशासमोर पाठमोरा बसून चेहरा पुसत होता. मी मोठ्याने म्हणालो, "आन्सेल्म, तुझ्या विगला आग लागलीय."

तो पुसत राहिला. मग त्याला आरशात मी दिसलो. त्याने टॉवेल खाली ठेवला.

"केव्हापासून?" मी विचारलं. या वेळी त्याच्यासमोर जाऊन.

"उजवा सात वर्षं झाली. डावा या नाताळात गेला."

"तुर्नेरना माहीत आहे?"

"नाही. सांगायचं असेल तर सांग. तुझाच फायदा आहे."

एवढंच. विनवणी नाही, आढेवेढे नाहीत. हा माणूस मदत मागतानासुद्धा उपकार केल्यासारखी मागतो, हे आपल्याला माहीत आहेच.

घरी गेलो. लेओनीचं बटणांचं आणि रिबिनींचं दुकान होतं, तिथेच मागे आमचं घर. मी तिला सगळं सांगितलं. ती रिबीन गुंडाळत होती, ती गुंडाळतच राहिली. मग म्हणाली, "इतकी वर्षं तू त्याच्या दुखण्याची वाट बघतोयस. आता दुखणं आलंय. जा, सांग."

मी म्हणालो, "तुला वाईट नाही वाटणार?"

"वाटेल ना. पण मला तुला त्याच्या भूमिकेत बघायचंय, आणि आपण दोघंही म्हातारे होत चाललोय."

मित्रहो, या ठिकाणी मी आपल्याला सांगू शकतो, की रात्रभर माझ्या मनात मैत्री आणि महत्त्वाकांक्षा यांचं द्वंद्व चाललं आणि मैत्री जिंकली. सभागृहाला आवडलं असतं. खरी गोष्ट अशी, की मी छान झोपलो, सकाळी दाढी केली, चांगला कोट घातला आणि दहा वाजता सांगायला गेलो.

मस्यू तुर्नेर, तुम्हाला ती सकाळ आठवत नसेल. आठवायचं कारणही नाही. मी खुर्चीत टेकायच्या आत तुम्ही म्हणालात, "बरं झालं आलात, गायार्दे. उद्या रुबोला पुन्हा पॅरिसचं बोलावणं आलं, तर म्हणून मी ग्रनोबलच्या एका नटाशी बोलून ठेवलंय. तुमचा गैरसमज नको, म्हणून आधीच सांगतो. तुम्ही आमचे फार विश्वासू आहात."

मी म्हणालो, "चांगला नट आहे तो."

"आहेच. बरं, तुमचं काय काम होतं?"

आता बघा. मला भूमिका मिळणार नव्हती. मी आन्सेल्मला बुडवू शकत होतो, पण त्याच्या जागी बसणार होता ग्रनोबलवाला. मी तुमच्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या आन्सेल्मच्या मोठ्या फोटोकडे पाहिलं, आणि म्हणालो, "मला या नाटकात नोकराचं काम हवंय."

तुम्ही म्हणालात, "पण या नाटकात नोकर नाही."

मी म्हणालो, "असायला हवा."

तर माझ्या त्यागाची हकीकत ही अशी आहे. त्यातला निम्मा वाटा मस्यू तुर्नेर यांचा आहे, आणि तो मी जाहीरपणे त्यांना देतो. त्या दिवसापासून गेली अठरा वर्षं या थिएटरच्या प्रत्येक नाटकात एक नोकर आहे. नोकर नसेल तर गाडीवान, कारकून, मठातला मुका साधू. नाटक जंगलात घडत असलं, तरी एक लाकूडतोड्या. मी नेहमी अशा जागी उभा, की जो कुणी आन्सेल्मशी बोलतोय, त्याच्या खांद्यावरून माझं तोंड आन्सेल्मला दिसावं. मला स्वतःला वाक्य एकच असायचं. बहुतेक वेळा, "गाडी आली, साहेब." बाकी सगळ्यांची सगळी वाक्यं मी बिनआवाजी म्हणायचो. बायकांची, पोरांची, एका नाटकात पोपटाचीही.

टीकाकारांनी माझी दखल घेतली, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. एकाने लिहिलं, की म्हातारा गायार्दे रंगमंचावर ओठ चावत असतो, त्याला कुणीतरी आवरा. दुसऱ्याने लिहिलं, की रुबो समोरच्याचं इतकं मन लावून ऐकत असताना मागचा नोकर चघळत काय असतो?

सोमवारी थिएटर बंद. आन्सेल्म आमच्याकडे जेवायला यायचा. लेओनी त्याच्यासाठी केनेल, माशाचे मऊ गोळे, उकडायची, आणि जेवण झाल्यावर आम्ही तिघं दुकानात बसून येत्या नाटकाचे संवाद ओठांनी म्हणायचो. ती बायकांचे, मी पुरुषांचे. शेजारीण एकदा काचेतून बघून गेली आणि पुढे कौतुकाने सांगत सुटली, की गायार्द्यांच्या घरात अजून प्रार्थना होते.

त्याने कधी आभार मानले? छे. त्याने काय करावं? दर वाढदिवसाला तो मला खोकल्याच्या औषधाची एक मोठी बाटली द्यायचा. माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. आता मी आजारी पडून चालणार नव्हतं! एका जानेवारीत मला एकशे तीन ताप होता, आणि हा दारात उभा. कसा आहेस, वगैरे काही नाही. विचारतो काय, तर ओठ फुटलेत का. लेओनीने त्याला दारातूनच परत पाठवलं. दहा मिनिटांनी त्याच्या मागोमाग मीही गेलो. धडपडत. गाडीवानाचं काम होतं.

लेओनी चार वर्षांपूर्वी गेली. त्या आठवड्यात आन्सेल्मने पहिल्यांदा मस्यू तुर्नेर यांना सांगितलं, की माझं मन लागत नाही, प्रयोग बंद ठेवा. वर्तमानपत्रांना त्याचं कारण कळलं नाही. मला कळलं. मी आल्याशिवाय त्याला रंगमंचावर उभं राहता येत नव्हतं, हे एक कारण होतं. दुसरं कारण त्याने कधी सांगितलं नाही. पण दफनभूमीत तो माझ्या समोर उभा राहिला. शेजारी नाही, समोर. आणि पाद्रीबाबा जे जे म्हणत होते, ते मी ओठांनी त्याला सांगत गेलो. त्यामुळे मला ते सगळं नीट म्हणावं लागलं. नुसतं ऐकून घेता आलं असतं, तर मी कोलमडलो असतो.

गेल्या शरद ऋतूत पहिल्या तालमीनंतर तो माझ्याकडे आला.

"फिर्मँ, आज तू कुठे उभा होतास?"

"रोज असतो तिथेच."

तो म्हणाला, "मला आता तू दिसत नाहीस."

डोळ्यांत पडदा आलेला होता. डॉक्टर म्हणाले, एकाचं काही करता येईल, दुसऱ्याचं सांगता येत नाही. आपल्या निमंत्रणपत्रिकेत छापलंय, की रुबो यांनी कीर्तीच्या शिखरावर असताना निवृत्तीचा निर्णय घेतला. बरोबर आहे. शिखरावरून पायऱ्या दिसेनाशा झाल्या, एवढाच त्याचा अर्थ.

मोसम तरी पुरा करू, असं आम्ही ठरवलं. नाटकात तो एका वृद्ध जहाजमालकाच्या भूमिकेत, मी अर्थात त्याचा नोकर. मी जवळ सरकत गेलो. आधी पाच पावलं, मग तीन. मार्चपर्यंत मी त्याच्या इतका जवळ होतो, की एका टीकाकाराने विचारलं, हा नोकर मालकाच्या खिशात का शिरू बघतोय?

आणि मग मे महिन्यातला एक रविवार, दुपारचा प्रयोग. मी रंगपटात गेलो, तर आन्सेल्म साध्या कपड्यांत बसलेला. पुढ्यात मसूर आणि सॉसेजची मोठी बशी. अर्धी संपलेली.

म्हणाला, "आज माझी तब्येत बरी नाही."

मी बशीकडे पाहिलं. "काय होतंय?"

"पोट बिघडलंय," तो म्हणाला आणि सॉसेजचा आणखी एक तुकडा तोंडात टाकला. "व्यवस्थापकांना कळवलंय मी. तू तयार हो."

मी त्याला सांगितलं, की मी त्रेसष्ट वर्षांचा आहे, आणि आता मला या चेष्टेची गरज नाही. तो खाली बघून खात होता, त्यामुळे हे त्याला अर्थातच पोहोचलं नाही. माझ्या लक्षात आलं, की तो मुद्दाम खाली बघतोय.

पडद्यापुढे जाऊन व्यवस्थापकांनी घोषणा केली. रुबो अस्वस्थ आहेत, त्यांच्या जागी फिर्मँ गायार्दे. सभागृहातून जो सुस्कारा आला, तो पडद्याच्या या बाजूला मला स्पष्ट ऐकू आला. काही जण उठून गेले. खुर्च्या आपटल्याचा आवाज आला. नोकराची भूमिका त्या दिवशी गाळण्यात आली. त्याची उणीव कुणालाही भासली नाही.

प्रयोग कसा झाला? आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नाही, आणि वर्तमानपत्रात त्यावर एक ओळही आली नाही, त्यामुळे मी कितीही थापा मारू शकतो. पण पहिल्या अंकात माझा आवाज कापत होता, हे खरं आहे. एवढी वर्षं ओठ हलवले होते, आवाज काढायची सवय गेली होती. दुसऱ्या अंकात तो थोडा सापडला. तिसऱ्या अंकात जहाजमालक एकटा बसून आपल्या बुडालेल्या मुलाविषयी बोलतो. मोठं स्वगत आहे. ते मी म्हटलं. माझ्यासमोर तेव्हा मुलगा नव्हता. आम्हाला मूल नव्हतंच. बटणांचं दुकान होतं, रिबीन गुंडाळणारा एक हात होता, आणि तिला मला त्या भूमिकेत बघायचं होतं. मी एवढंच मनात धरून बोललो.

आन्सेल्म चौथ्या रांगेत बसला होता. प्रयोग संपल्यावर तो रंगपटात आला आणि माझ्यासमोर, अगदी नाकाला नाक लागेल इतका जवळ, बसला.

मी विचारलं, "काही दिसलं?"

"नाही."

"ऐकू यायचा तर प्रश्नच नाही."

"नाही."

"मग तीन अंक काय करत होतास तिथे?"

तो म्हणाला, "आपल्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या आहेत ना. एकजण जरी हलला, तरी सगळी रांग हलते. माझ्या प्रयोगांना ती हलत असणारच, मला रंगमंचावरून कधी कळलं नाही." मग म्हणाला, "तुझ्या तिसऱ्या अंकात रांग हलली नाही, फिर्मँ."

गेल्या महिन्यात हे झालं. त्याने तेव्हाच मला सांगितलं, की सत्काराला तू बोल आणि खरं ते सांग, नाहीतर माझ्या मृत्युलेखातही छापतील की हा माणूस फार छान ऐकायचा.

मादाम ब्रोसोला, आपण मला पाच मिनिटं दिली होती, ती मी केव्हाच गिळली. आपण घड्याळाकडे फक्त तीनदा पाहिलंत, याबद्दल आभार. मस्यू तुर्नेर, अठरा वर्षं आम्ही तुम्हाला फसवलं, पण तुम्हाला नोकराचा खर्च सोडला तर नुकसान झालं नाही. तुम्ही हसताय, म्हणजे चिडला नाहीत असं मी धरून चालतो. आणि रसिकहो, तुम्ही इतका वेळ बसलात, बोजोले तिकडे उघडून ठेवलेली असताना बसलात, हे मी विसरणार नाही.

बोलण्यात कुणाला टोचलं असेल, कुठे मर्यादा सुटली असेल, एखादं वाक्य मध्येच अडकलं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. आज मी पहिल्यांदाच माझी स्वतःची वाक्यं म्हटली, आणि विंगेत माझ्यासाठी कुणी उभं नव्हतं.